गवताखालची माती

विद्यार्थ्यांनो, दारव्ह्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात सकाळी गेलात, तर गावची गुरे आखरावर जमलेली दिसतील. तेथून गुराखी त्यांना चराईच्या जमिनीवर नेतो. विदर्भात अशा सरकारी जमिनीला लोक 'ई-क्लास' म्हणतात. ज्यांच्याजवळ स्वतःचे शेत नाही, त्यांच्या शेळ्या याच जमिनीवर जगतात. (जमीन हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे!)

या जमिनीचा कस कसा ओळखावा? गवताची मुळे, पाने व शेण कुजून मातीत मिसळते. त्यातील कर्बाला सेंद्रिय कर्ब म्हणतात. शंभर किलो मातीत तो अर्ध्या किलोपेक्षा, म्हणजे ०.५ टक्क्यापेक्षा कमी असला, तर माती कसाला कमी समजतात.

पण एकाच कुरणात हा कर्ब सगळीकडे सारखा नसतो. उतारावरची बरड माती उथळ असते. तिचा वरचा थर पावसाने वाहून जातो आणि कर्बही त्याच थरात अधिक असतो. वाहिलेली माती खोलगट भागात साचते. तेथील काळ्या मातीचे बारीक कण कर्ब घट्ट धरून ठेवतात. दुपारी गुरे बाभळीच्या सावलीत बसतात. तेथे पाला व शेण दोन्ही पडते. मात्र शेण गोवऱ्यांसाठी उचलून नेले, की तेवढा कर्ब मातीला मिळत नाही.

काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. त्यांतही कर्ब असतो, पण तो सेंद्रिय नव्हे.

खरा कारखाना मुळांचा आहे. पावसाळ्यात कोवळे गवत पुन्हापुन्हा खुडले गेले, तर मुळे आखूड राहतात व मातीत कमी कर्ब जातो. म्हणून काही जण म्हणतात, चराईच बंद करा. मला हे पटत नाही. शेळीवाल्याने मग जावे कोठे? कुरणाचे भाग पाडावेत. गवताला बी येईपर्यंत एक भाग राखावा व दुसऱ्यात गुरे सोडावीत. पुढच्या वर्षी भाग बदलावा.

तुम्हीही माती तपासायला देऊ शकता. उतार, खोलगट भाग व झाडाखालची जागा यांची माती एकत्र करू नका. प्रत्येक ठिकाणी वरचे गवत बाजूला करून वीतभर खोल खड्डा घ्या. कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून सावलीत वाळवा, वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर जागेचे नाव लिहा.