समुद्राचे आकडे आणि आपली खरेदी

कापडाच्या धंद्यात समुद्राचे काय काम, असे कोणी विचारील. 2015 पर्यंत आम्हीही असेच म्हणत होतो. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोरात होता, मराठवाड्यात दुष्काळ पडला, आणि दिवाळी-लग्नसराईसाठी भरलेला माल आमच्या औरंगाबादच्या दुकानात तसाच पडून राहिला. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर कापड घेणार कोण?

एल निनो ओळखायचा तो समुद्राच्या तापमानावरून. त्यासाठी जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ नावाची सुमारे 4000 यंत्रे सोडलेली आहेत. यंत्र 1000 मीटर खोलीवर वाहत राहते. दर 10 दिवसांनी ते 2000 मीटरपर्यंत बुडी मारून वर येते, येताना पाण्याचे तापमान व खारेपणा मोजते आणि उपग्रहामार्फत आकडे पाठविते. साधारण 24 तासांत ते इंटरनेटवर सर्वांना फुकट खुले होतात, यंत्र कोणत्याही देशाचे असो. (आपल्या बाजारात तर खरेदीचा भाव सख्ख्या भावालाही सांगत नाहीत!) हिंद महासागराचे आकडे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही 1999 साली स्थापन झालेली सरकारी संस्था सांभाळते.

कच्चे आकडे आपल्याला उलगडणार नाहीत. हवामान खाते त्यांचा उपयोग करून एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देते, मेअखेरीस सुधारित देते. त्यात एल निनोची स्थितीही असते. अंदाज चुकतोही. म्हणून आम्ही मेअखेरीनंतर अर्धीच ऑर्डर देतो, बाकीची ऑगस्टचा पाऊस पाहून. उधारीचा माल तर त्याआधी उचलतच नाही.