काशीची कासवे आणि अन्नद्रव्यांचे चक्र

एखाद्या ठिकाणचे सजीव आणि तेथील माती, पाणी, हवा व ऊन यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला परिस्थितिविज्ञान म्हणतात. भारतात या शास्त्राचे जनक मानले जाणारे प्रा. रामदेव मिश्र (१९०८–१९९८) हे वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रामुळे हे नगर आपल्या वाचकांना नावाने तरी परिचित आहेच. या शास्त्राचा एक महत्त्वाचा पाठही याच नगराने आपल्यापुढे ठेवला आहे. तो आहे कासवांचा.

गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचा प्रारंभ जून १९८६ मध्ये वाराणसीच्या घाटावर झाला. सांडपाण्याबरोबरच अर्धवट जळालेली प्रेते आणि मेलेली जनावरे नदीत सोडली जात, हीदेखील एक अडचण होती. तेव्हा मांसाहारी, मऊ पाठीची कासवे नदीत सोडावीत असे ठरले. चंबळ नदीच्या काठावरून अंडी आणून सारनाथ येथील केंद्रात ती उबवण्यात आली आणि हजारो पिल्ले वाढवून गंगेत सोडण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा प्रवाह अभयारण्य म्हणून घोषित झाला.

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. निसर्गात मृतभक्षकांचे स्थान फार मोठे आहे. गिधाडांचेच पाहा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि काही वर्षांतच देशातील त्यांचे थवे दिसेनासे झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर माळावर जनावरे कुजत पडू लागली होती व त्यांवर भटकी कुत्री पोसली जात होती. साखळीतील एक कडी निखळली म्हणजे काय होते हे अशा वेळी कळते. मग कडी नव्याने जोडली तर काय होईल, हा काशीतील प्रश्न होता.

त्याचे उत्तर समजण्यासाठी सजीवांची नाती पाहिली पाहिजेत. सारीच नाती भक्ष्य-भक्षकाची नसतात. घाटावर डुंबून बाहेर आलेल्या म्हशीच्या मागे गायबगळा चालतो. तिच्या पायांनी उडालेले किडे त्याला मिळतात आणि म्हशीचे काही बिघडत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतात व मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. हा दोघांच्याही फायद्याचा व्यवहार. याउलट काही विषाणू जिवाणूंनाच ग्रासतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, असे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदविले होते. जिवाणूभक्षक विषाणूंचा शोध त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लागला, आणि अनेक अभ्यासक हॅन्किन यांचे निरीक्षण त्यांच्याशी जोडतात. मात्र यावरून गंगेचे पाणी कितीही घाण पचवते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

कारण प्रत्येक नात्याला पाण्यातील प्राणवायूची मर्यादा असते. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. एवढ्याशा शिधेवर मासे, कीटक आणि घाण कुजवणारे जिवाणू यांना जगायचे असते. नगराचे एक लिटर कच्चे सांडपाणी कुजण्यासाठी जिवाणूंना साधारण २०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू एका लिटर सांडपाण्याच्या वाट्याला जातो! आणि अस्सी व वरुणा या ज्या दोन प्रवाहांच्या नावांवरून वाराणसी हे नाव आले असे मानतात, तेच सांडपाणी वाहून आणणारे नाले होऊन बसले.

आता कासवाकडे वळू. ते मुख्यतः पाण्यावर डोके काढून हवेतून श्वास घेते. म्हणून त्याने खाल्लेल्या मांसाचा भार पाण्यातील प्राणवायूवर फारसा पडत नाही. एवढा लाभ खरा. परंतु पाण्यात विरघळलेले मलमूत्र त्याला खाता येत नाही, आणि नदीतील घाणीचा फार मोठा वाटा तोच आहे. शिवाय त्याने खाल्लेल्या मांसातील नायट्रोजन त्याच्या उत्सर्गातून पुन्हा पाण्यातच येतो. खाल्ले म्हणजे नाहीसे झाले असे निसर्गात घडत नाही. द्रव्य केवळ हात बदलते.

नायट्रोजनला निदान परतीची वाट आहे. अमोनियाचे नायट्रेट आणि नायट्रेटचा पुन्हा वायू करणारे जिवाणू आहेत. फॉस्फरसला मात्र हवेतून जाणारी वाट जवळजवळ नाहीच. तो खडकातून मातीत, मातीतून धान्यात, धान्यातून आपल्या शरीरात येतो. पूर्वी तो शेणखत-सोनखतातून पुन्हा शेतात जाई. शहराने तो गटारात सोडला. शेतात जे खत ठरले असते, त्यानेच संथ पाण्यात शैवाल माजते. रात्री ते पाण्यातील प्राणवायू वापरते व मेल्यावर कुजताना उरलासुरलाही संपवते.

चक्र पुन्हा जोडण्याचा यत्न वाराणसीने केला होता. दीनापूर येथील शुद्धीकरण केंद्राचे पाणी आसपासच्या शेतांना देण्यात आले. पण शहराच्या गटारात केवळ अन्नद्रव्ये नसतात. काशी हिंदू विश्वविद्यालयातील अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, अशा पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत कॅडमियम, शिसे व निकेल यांचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले. कारखान्याचे पाणी घरच्या सांडपाण्यात मिसळू न देणे ही त्या चक्राची पहिली अट होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी पाळली गेली. पुढे २०१८ मध्ये दीनापुरात दिवसाला १४ कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभे राहिले. कासवांचे अभयारण्य २०२० मध्ये अधिसूचनेतून वगळण्यात आले.

मंडळीतील तरुण संघाला किंवा घरातील मुलांना हा पाठ बरणीत पाहता येईल. तळ्याचे पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरावे, एकीत चिमूटभर रासायनिक खत घालावे आणि दोन्ही उजेडात ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांनी कोणती बरणी अधिक हिरवी दिसते आणि का, हे मुलांनाच सांगू द्यावे.