दाहाचा चाप आणि स्टेरॉइडची गोळी

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चासोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी त्याचा संबंध बिलांपुरता. परंतु कोविडच्या काळात नातेवाईक बिलाच्या खिडकीशी एकच प्रश्न वारंवार विचारीत : "हे स्टेरॉइड कशासाठी?" आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि गरम लागते. यालाच दाह म्हणतात. दाह म्हणजे रोग नव्हे. पांढऱ्या पेशींनी जंतूंविरुद्ध उघडलेली ती आघाडी होय. ती उघडण्याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांपैकी प्रमुख असे एक प्रथिन पेशीच्या आतच असते. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. १९८६ मध्ये अमेरिकेत रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले.

एरवी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर अडकून पडलेले असते, कारण आय-कप्पा-बी नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून बसलेले असते. जंतूची चाहूल लागताच पेशी या पहारेकऱ्यावर नाशाची खूण करते आणि काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते व दाह वाढविणाऱ्या रसायनांची जनुके चालू करते. मग आणखी पेशी धावून येतात, ताप चढतो.

येथील एक गोष्ट आम्हा हिशेबनिसांना फार भावते. चालू होणाऱ्या जनुकांत खुद्द आय-कप्पा-बीचेही जनुक असते. म्हणजे खर्चाला मंजुरी देणाराच, त्याच सहीने, खर्च थांबविणाऱ्याचीही नेमणूक करून ठेवतो! नवा पहारेकरी केंद्रकात जातो आणि एनएफ-कप्पा-बीला धरून बाहेर आणतो. जंतू हटले की दाह ओसरतो तो अशा व्यवस्थेमुळे.

परंतु इशारा थांबलाच नाही, तर नवे पहारेकरीही नष्ट होत राहतात. तीव्र कोविडमध्ये फुप्फुसांची हानी केवळ विषाणूने नव्हे, तर अशा अनावर दाहानेही होत होती. स्टेरॉइड पेशीत शिरून आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते. ही जोडी केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बीच्या कामास आडकाठी करते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, अत्यंत स्वस्त औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले असता व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. बिलातील सर्वांत लहान आकड्यांपैकी हा एक असे, आणि म्हणूनच कित्येकांचा त्यावर विश्वास बसत नसे.

त्याच चाचणीतील दुसरी बाब मात्र फारशी कोणी वाचली नाही. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. आघाडी योग्य रीतीने लढत असता तिचे हात बांधल्यासारखे ते होते. स्टेरॉइडने रक्तातील साखरही वाढते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने अनेकांचे डोळे व जबडे गेले. त्यांतील बहुसंख्य मधुमेही होते, आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर हे त्यामागील एक मोठे कारण मानले गेले. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेतलेल्या गोळ्या किती घरांत पोहोचल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

दमा, संधिवात अशा आजारांत आजही ही औषधे द्यावी लागतात. दीर्घकाळ घेतल्यास शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनविणाऱ्या ग्रंथी मंदावतात. म्हणून गोळी एकाएकी बंद न करता मात्रा टप्प्याटप्प्याने उतरविली जाते. कोणत्या दिवशी किती गोळी, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड व साखरेचे अहवाल प्रत्येक भेटीच्या वेळी सोबत आणावेत, ही विनंती.