टेबल टेनिसचा फटका यंत्र कसे ओळखते?

टेबल टेनिसचा चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा असतो. टेबलाची लांबी २.७४ मीटर. एवढ्याशा अंतरात डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेंडू पलीकडे पोहोचतो. तरीही जाणता शिक्षक फटका पाहताच सांगतो की, हा ड्राइव्ह, तो चॉप. ही पारख यंत्राच्या ठिकाणी कशी उत्पन्न करता येते, ते आता पाहू.

बॅट अमुक अंशांनी कलली म्हणजे चॉप, असे नियम लिहून देणे हा पहिला मार्ग होय. परंतु उंची, पकड व सवय खेळाडूगणिक भिन्न असल्यामुळे असे नियम अपुरे पडतात. दुसरा मार्ग अनुभवातून शिकविण्याचा. आर्थर सॅम्युएल या अमेरिकन शास्त्रज्ञाने चेकर्स या पटावरील खेळाच्या आधारे यंत्राच्या अशा शिक्षणाचे विवेचन १९५९ साली केले.

प्रथम नमुने गोळा करावे लागतात. मनगटावर बांधलेले लहानसे उपकरण तीन दिशांतील त्वरण आणि तीन अक्षांभोवतीचा फिरण्याचा वेग मोजते. सेकंदास १०० वेळा मोजणी केली, तर अर्ध्या सेकंदाच्या फटक्याची ५० × ६ म्हणजे ३०० संख्यांची मालिका तयार होते. प्रत्येक मालिकेला तज्ज्ञ फटक्याचे नाव देतो. नवा फटका आला की, तो कोणत्या नमुन्यांशी अधिक जुळतो हे यंत्र ताडून पाहते. टॉपस्पिनमध्ये बॅट खालून वर जाते, चॉपमध्ये वरून खाली येते. हा भेद सोपा. पुश आणि चॉप मात्र दोन्ही चेंडूला उलटी फिरकी देतात. तेथे केवळ दिशा पाहून भागत नाही. वेग आणि हालचालीचा विस्तारही पाहावा लागतो.

यानंतर परीक्षा. ज्यांच्या फटक्यांवर यंत्र शिकले, त्याच खेळाडूंवर त्याची परीक्षा घेणे म्हणजे घोकंपट्टीला गुण देणे होय. म्हणून परीक्षेसाठी अपरिचित खेळाडू घ्यावे लागतात. शिवाय केवळ गुणांची बेरीजही फसवी असते. १०० फटक्यांत ९० ड्राइव्ह आणि १० चॉप असतील, तर प्रत्येक वेळी ‘ड्राइव्ह’ म्हणणारे यंत्र ९० गुण मिळवील. पण चॉप त्याला मुळीच कळलेला नसेल! म्हणून प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा मांडतात.

फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात अंगावर कोणतेही उपकरण न बांधता, सेकंदास १२० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हा अभ्यास झाला. तेथे फटक्यांचे २० प्रकार मानले, आणि ‘फटका नव्हे’ असा एकविसावा वर्ग ठेवला. कारण खेळाडू घाम पुसतो, चेंडू उचलतो, तेव्हाही त्याचा हात हलतच असतो.

फटक्याचे नाव सांगणे एवढे काम यंत्र करू लागले आहे. त्या चेंडूला तोच फटका योग्य होता काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी समोरून आलेल्या चेंडूची फिरकी, प्रतिस्पर्ध्याची जागा व खेळाडूचा हेतू हे सारे जाणावे लागते. ते जाणणाऱ्या शिक्षकाचे स्थान म्हणूनच अढळ आहे.