त्या मुलीला डोळे झाकू दे

नगर,
उपवासकाळाचा चौथा आठवडा

चि. प्रशांत यास,



फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले. परवा तुमच्या मंडळीतल्या एका बाईंचा फोन आला होता. तुझ्या आईने माझे कान भरले असं समजू नकोस, वहिनींना यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, गेल्या रविवारी तू संडे स्कूलच्या मुलांना ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मधला फटक्यांचा प्रसंग दाखवलास. सहावीतल्या एका मुलीने डोळ्यांवर हात घेतले, तर सगळ्यांसमोर तिला म्हणालास, “हात काढ. प्रभूने तुझ्यासाठी एवढं सोसलं आणि तुला नुसतं बघवत नाही?” पोरीने हात काढले. तेव्हापासून ती रात्री दिवा घालवू देत नाही. आणि आता उत्तम शुक्रवारी संध्याकाळी लहानमोठ्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवून अख्खा सिनेमा दाखवायचं तू ठरवलं आहेस.

खरं आहे का हे? यातलं निम्मं जरी खरं असलं तरी मला तुझा राग आला आहे. तुझ्या बापाने तुझ्यावर कधी हात उगारला नाही, वरच्या पट्टीत ओरडला नाही. त्या घरातल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आलं कुठून?

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही पाहिला आहे. मेल गिब्सनने तो २००४ साली, २५ फेब्रुवारीला, मुद्दाम भस्म बुधवार साधून प्रदर्शित केला. त्या वेळी पाळकसाहेबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. त्यातला एक प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. प्रभू वधस्तंभाखाली कोसळतो आणि मरियेला एकदम आठवतं, लहानपणी तो असाच पडला होता आणि ती हातातलं काम टाकून धावली होती. ती पुन्हा तशीच धावते. मध्ये गर्दी आहे, शिपाई आहेत, वय झालंय, तरी धावते, आणि जवळ जाऊन एवढंच सांगते की मी इथे आहे. माया मॉर्गनस्टर्न नावाच्या बाईंनी ते काम केलं आहे. त्या प्रसंगात रक्तही आहेच, पण मी रडले ते तिच्या धावण्याने. तू मुलांना सिनेमाचा तुकडाच दाखवायचा ठरवलास, तर हा का नाही निवडलास? फटकेच का?

मुलांचं म्हणशील, तर अमेरिकेत जिथे हा सिनेमा निघाला तिथेसुद्धा त्याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं. म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलाला आईबाप किंवा मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय थिएटरात प्रवेश नाही. खुद्द गिब्सनने दुसऱ्या वर्षी, २००५ मध्ये, मारहाणीची पाच-सहा मिनिटं कापून पुन्हा एक आवृत्ती काढली, कारण मूळ सिनेमा सोसवत नाही म्हणणारी माणसं पुष्कळ होती. ज्याने बनवला त्याला जे कळलं, ते आपल्या पिंपरीच्या हॉलमध्ये आपल्याला कळू नये?

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तो सिनेमा अरामी, लॅटिन आणि हिब्रू भाषांत आहे. खाली इंग्रजी ओळी येतात. तुझी संडे स्कूलची मुलं मराठी शाळेतली. ती ओळ वाचेपर्यंत पुढची येते. मग शेवटचं भोजन, पाय धुणं, डोंगरावरचं प्रवचन हे जे अधूनमधून प्रभूच्या आठवणीतून येतं, ते त्या मुलांना कळायचंच नाही. दोन तासांवर सात मिनिटांच्या सिनेमातून त्यांच्या पदरी पडणार फक्त चाबूक आणि खिळे. पुनरुत्थान तर अगदी शेवटी, डोळा लवला की संपलं. ती मुलं घरी जाणार ती कबरेत अडकून.

फटक्यांबद्दल चार शुभवर्तमानकारांनी किती लिहिलं आहे ते काढून बघ. योहानाच्या १९व्या अध्यायाचं पहिलं वचन, एवढंच. मत्तय आणि मार्क यांनी अर्ध्या वाक्यात सांगितलं आहे. त्या काळच्या लोकांना रोमी चाबूक काय असतो हे सांगायची गरज नव्हती, हे मान्य. पण ज्यांनी प्रभूला जीव लावला होता ते त्या जखमा मोजत बसले नाहीत. सिनेमात त्याच एका वचनाची कितीतरी मिनिटं होतात. त्यातलं बरंचसं शुभवर्तमानात नाही. ॲन कॅथरीन एमरिक नावाच्या जर्मन जोगिणीचे दृष्टान्त ब्रेंटानो या कवीने लिहून काढले, ते पुस्तक १८३३ मध्ये छापलं गेलं, तिथून ते आलं आहे. पिलाताची बायको मरियेला कापड आणून देते आणि मरिया त्याने फरशीवरचं रक्त टिपते, हे तिथलंच. मला तो प्रसंग आवडतो. पण मुलांना ‘बायबलमध्ये जसंच्या तसं आहे’ असं सांगू नकोस, कारण ते तसं नाही. आणि जिम कॅव्हिझेलचा खांदा निखळला, त्याच्यावर वीज पडली, हे तू साक्षीसारखं रंगवून सांगतोस असंही कानावर आलं. नटाचे हाल नटाचे. प्रभूच्या दुःखाला त्यांचा टेकू लागत नाही.

त्या बाईंनी अजून एक सांगितलं, ते मला फार लागलं. तू बोलताना ‘त्या यहुद्यांनी’ असं पुन:पुन्हा म्हणालास. अरे, प्रभू यहुदी, त्याची आई यहुदी, पेत्र आणि योहान यहुदी. मरियेचं काम करणाऱ्या त्या बाईसुद्धा यहुदीच. युरोपात उत्तम शुक्रवारी असलीच भाषणं ऐकून लोक शेजाऱ्यांच्या घरांवर चालून गेलेले आहेत. १९६५ साली रोमन कॅथलिक धर्मसभेने लेखी जाहीर केलं की प्रभूच्या मृत्यूच्या दोषाचं खापर सगळ्या यहुदी लोकांवर फोडता येणार नाही. सिनेमातही मत्तयाच्या २७व्या अध्यायातली, तो दोष स्वतःवर घेणारी जमावाची आरोळी अरामीत ऐकू येते, पण तिची खालची इंग्रजी ओळ काढून टाकलेली आहे, याच भीतीने. आणि पहिला खिळा धरणारा जो हात दिसतो, तो गिब्सनचा स्वतःचा. हे माझ्या पापाने झालं, असं त्याला म्हणायचं होतं. हा सिनेमा दाखवणाऱ्याने निदान एवढं तरी मुलांच्या कानावर घालायला नको?

पण हे सगळं बाजूला ठेवते. मी परत परत येते ती त्या मुलीपाशी. ती अकरा-बारा वर्षांची पोर, तिने डोळे झाकले, आणि तू हात काढायला लावलेस.

माझं आयुष्य मिशन दवाखान्यात गेलं, तुला माहीत आहे. नवीन असताना आम्हाला शिकवायचे, जखमेकडे नीट बघा, तोंड फिरवू नका. मी ते पटकन शिकले आणि मला त्याचा अभिमानही होता. बर्न्स वॉर्डात एक बाई होती, राहुरीकडची. ड्रेसिंग करताना ती सारखी काहीतरी बोलायची, बहुधा तिच्या लेकराबद्दल. माझं सगळं लक्ष पट्टीत, सलाईनमध्ये. ती गेली. आज इतक्या वर्षांनी तिच्या पाठीवरची जखम मला कातडीच्या रंगासकट आठवते आणि चेहरा आठवत नाही. नावही नाही. याचं मला जे वाटतं ते मी कुणाला कधी बोललेले नाही. माणसाला जखमाच बघायची सवय लागली की माणूस दिसेनासा होतो रे. तुझ्या त्या मुलांना उद्या प्रभू म्हटल्यावर काय आठवावं असं तुला वाटतं?

तुझ्या बापाचं एक सांगते. ‘करुणामयुडु’ नावाचा १९७८ चा तेलुगू सिनेमा हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आला होता. मिशनचे लोक तो गावोगाव दाखवत. आपल्या गावात चर्चसमोरच्या पटांगणात पांढरं धोतर ताणून पडदा केला होता. ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती, सगळं गाव लोटलं होतं, पोरं पार पुढे पडद्याला चिकटून बसलेली. खिळ्यांचा प्रसंग जवळ आला तसा दादा उठला. तेव्हा तो तुझ्याएवढाही नव्हता. वाकून वाकून त्याने लहान पोरांना एकेक करून उचललं आणि मागे विहिरीपाशी नेलं. त्यांना पाणी पाजलं, प्रभूने वादळ कसं शांत केलं ती गोष्ट सांगत बसला. कबरेवरची धोंड सरकली तेव्हा सगळ्यांना पुन्हा पुढे आणून बसवलं. आपल्या आजोबांनी विचारलं, “मधलं का नाही दाखवलंस त्यांना?” तो म्हणाला, “मोठी झाल्यावर बघतील, बापू. मधलं कुठे पळून जातंय?”

आता जे लिहिते आहे ते दोन वर्षं लिहायचं राहिलं आहे.

दादाच्या शेवटच्या रात्री तू आयसीयूच्या बाहेर, लिफ्टजवळ उभा होतास. आत यायला तुझा पाय उचलत नव्हता. आपल्यातलेच एक जण तुला म्हणाले, “बाप आत चाललाय आणि हा बाहेर उभा आहे.” मी दारात होते, मी ते ऐकलं. त्यांना तिथल्या तिथे गप्प करायला हवं होतं. मी आत परतले कारण मशीन वाजायला लागलं होतं. त्यानंतर तू तो विषय कधी काढू दिला नाहीस. पण पुढच्याच उपवासकाळात तू हा सिनेमा एकट्याने रात्री बघायला लागलास, पुन:पुन्हा, असं वहिनींनी मला सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं, मुलगा भक्तीला लागला. आता कळतं की तू स्वतःलाच ‘हात काढ’ म्हणत होतास. जे तिथे बघवलं नाही ते इथे न डोळा मिटता बघून दाखवायचं. आणि त्या मुलीने डोळे झाकले तेव्हा तुला ती दिसलीच नसेल, लिफ्टजवळचा तूच दिसला असशील.

बाळा, ऐक. मार्काच्या १५व्या अध्यायात लिहिलं आहे की त्या बाया दुरून पाहत होत्या. दुरून. मग्दालिया होती, सलोमे होती. गालीलापासून त्याची सेवा करत आलेल्या त्या बायांनाही जवळ जाववलं नसेल. शिष्य तर बहुतेक पळालेच होते. तरी रविवारी पहाटे ती बातमी आधी त्या दुरून पाहणाऱ्या बायांनाच मिळाली. प्रभूने एकाही माणसाला विचारलं नाही की तू त्या वेळी कुठे उभा होतास.

आणि तुझ्या बापानेही विचारलं नाही. मास्क थोडा बाजूला करून तो मला म्हणाला, “अक्का, प्रशांतला आत आणू नका. तो जेवलाय का बघ.” हे त्याचं मला कळलेलं शेवटचं बोलणं. योहान सांगतो, वधस्तंभावरून प्रभूने आईची सोय लावली; ते वाचताना मला दर वेळी दादा आठवतो. तुला आत येता आलं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला ते चाललं होतं, प्रशांत. त्यानेच तसं ठरवलं होतं.

मी रागाने लिहायला बसले होते. राग आता उरला नाही.

तुला सिनेमा बघायचाच असेल तर झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी नगरला ये. माझ्याबरोबर बघ. दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. आधी आपण मार्काचे १४ ते १६ अध्याय वाचू, मोठ्याने, अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. मग सिनेमा लावू. फटक्यांच्या वेळी मी चहा टाकायला उठेन, तुला वाटलं तर तूही ऊठ. मरिया धावते तिथे मात्र दोघं बसू. संपल्यावर लगेच काही बोलायचं नाही, प्रार्थनाही घाईने म्हणायची नाही. नंतर तू मला दादाबद्दल जे विचारशील ते मी सांगेन, सगळं.

उत्तम शुक्रवारचं तू ठरव. माझं मत विचारशील तर बारा ते तीनची सात उद्गारांची उपासना त्या दिवसाला पुरेशी आहे. मोठ्यांना बघायचा असेल तर आदल्या आठवड्यात दाखव, आत काय आहे ते आधी सांगून, आणि दार उघडं ठेव म्हणजे ज्याला उठायचंय तो उठेल. संडे स्कूलच्या मुलांना नको.

त्या मुलीच्या घरी मात्र शनिवारची वाट न बघता जा. तिच्या आईसमोर तिला सांग की डोळे झाकलेस ते ठीक केलंस. आणखी काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल.

येताना वहिनींनाही घेऊन ये. त्यांचा गुडघा दुखतो, तेव्हा मोटरसायकल नको, एसटीने या आणि पुढची सीट बघा. शुक्रवारी फोन केलास तर बाजरीचं पीठ दळून ठेवते.

तुझी,
अक्काआत्या