नसलेली दरी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी दीड महिना मी एका दरीचा अभ्यास केला. ती दरी सॅम्पलवर नव्हतीच.

अभ्रकाच्या पापुद्र्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला की त्याची छोटी बेटं तयार होतात. ती मी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली बघत होते. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ साली मांडलेल्या या उपकरणात एक अणकुचीदार टिप पृष्ठभागावरून फिरते. तिची पट्टी वाकली की लेसरचा ठिपका सरकतो. फीडबॅक यंत्रणा ते हेरून टिप आणि सॅम्पल यांतलं अंतर सावरत राहते आणि त्या हालचालींतूनच ओळीमागून ओळ उंचीचा नकाशा उमटतो. माझ्या नकाशात प्रत्येक बेटाच्या दोन्ही बाजूंना एक आडवा काळपट पट्टा दिसायचा. खोली भरायची दोन नॅनोमीटरच्या आसपास. सोनं अभ्रकाला कोरतंय, असं मी धरून चालले. आलेख काढले, मीटिंगसाठी स्लाइड्सही केल्या.

माझ्या गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, “अगं, सॅम्पल नव्वद अंशांत फिरवून बघितलंस का?”

संध्याकाळी फिरवलं. बेटांची मांडणी फिरली, पट्टे मात्र आडवेच राहिले.

दरी सॉफ्टवेअरने खणली होती. सॅम्पल थोडं कललेलं असतं, ओळीओळीत उंची थोडी सरकते. ते सावरायला ‘फ्लॅटन’ची सोय असते. मी वापरलेला पर्याय प्रत्येक ओळीची सरासरी उंची शून्यावर आणत होता. ५ मायक्रोमीटरच्या ओळीत ३०० नॅनोमीटर रुंद, ३० नॅनोमीटर उंच आणि सपाट माथ्याचं एक बेट आलं, तर सरासरी १.८ नॅनोमीटरने वाढते. मग अख्खी ओळच तेवढी खाली ढकलली जाते. ज्या ओळींत बेट नाही, त्या जागेवर राहतात. त्यांच्या शेजारी ही ओळ दरीसारखी दिसते.

यावर उपाय सोपा होता: बेटं मास्क करायची आणि उरलेल्या सपाट भागावरूनच ओळी जुळवायच्या. ग्विडिऑनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं. पण डिस्क भरत आली म्हणून मी मूळ फायली पुसून फक्त रंगीत चित्रं ठेवली होती. चित्रातून उंचीचे आकडे परत मिळत नाहीत. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, मूळ फाईल कधीही पुसू नका. टिप कोणती, सेटपॉइंट, गेन आणि वेग किती, हे त्याच दिवशी वहीत उतरवा.

टिपची जाण्याची आणि परतीची ओळ शेजारी ठेवून बघा. दोन्हींत जुळत नाही, ते खरं मानू नका. गेन म्हणजे अंतर सावरण्याचा जोर; तो कमी पडला तर टिप मागे राहते आणि कडा पसरट होतात. जास्त झाला तर टिप थरथरते आणि सपाट जागीही लहरी उमटतात. एरर चॅनल उघडा ठेवलात तर हे दोन्ही लवकर लक्षात येतं.

सगळ्या कणांचा आकार एकसारखा आणि तोंडही एकाच दिशेला दिसलं, तर आधी टिप बदला. तुटलेली टिप प्रत्येक कणावर स्वतःचाच आकार उमटवते.

उंचीवर विश्वास ठेवण्याआधी माहीत असलेली पायरी मोजा. ग्रॅफाइटच्या एका थराची पायरी ०.३३५ नॅनोमीटरची असते. स्कॅनर बदलल्यावर जुनीच कॅलिब्रेशन फाईल राहिली असेल, तर ती इथे पकडली जाते.

आजही स्कॅन संपला की मी पहिली पाच मिनिटं कच्चा नकाशाच बघते. तो तिरका असतो, रेघारेघांचा असतो. त्यात जे दिसतं त्याची नोंद करते आणि त्यानंतरच ‘फ्लॅटन’ला हात लावते. पुढे काही नवं उगवलं, तर ते कुठून आलं हे मला माहीत असतं.