डॉक्टर मोबाइलमध्ये काय पाहतात?

प्रश्न : वडिलांचे वय ८२. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायचे ठरले. ती लिहून देण्याआधी डॉक्टरांनी मोबाइल उघडून पाहिला. त्यांना खात्री नव्हती का? दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळजी करू नका, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीसारख्या संस्थांची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आता मोबाइल ॲपवर मिळतात, आणि ती बदलत असतात. अशा रुग्णाला पक्षाघाताचा धोका किती, हे मोजताना स्त्री असल्याचा एक गुण धरला जाई. युरोपच्या २०२४ च्या तत्त्वांनी तो काढून टाकला. सगळे तोंडपाठ कोण ठेवणार?

रक्त पातळ ठेवणाऱ्या अपिक्साबॅन या गोळीच्या डोसचेच पाहा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी लागू असतील तर एका वेळी ५ ऐवजी अडीच मिलिग्रॅम देतात. वडिलांना वयाची अट लागू आहेच. म्हणून त्यांचे ताजे वजन आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना जरूर दाखवा.

ॲप पाहून घरच्या घरी डोस मात्र बदलू नका, गोळी बंदही करू नका. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्कच आहे, पण डॉक्टरांनी मोबाइल पाहिला हे त्याचे कारण नव्हे. गोळी सुरू असताना डोक्याला मार लागला किंवा शौचास काळी झाली, तर लगेच रुग्णालय गाठा.